कुसळांचा बर्फ

मेजर गवताला बर्फ म्हणायचे. थट्टेनं नाही, अगदी सरळपणे. सकाळी उठले की तोंड धुण्याआधी ते घरामागच्या उतारावर जायचे, गुडघे टेकून वाळल्या गवताची मूठ धरायचे, ती कानाजवळ नेऊन चुरायचे आणि आवाज ऐकायचे. मग खाली येताना वाटेत जो भेटेल त्याला सांगायचे, "आज बरफ कोरडा हाय, चांगला पळंल." दव जास्त पडलेलं असलं तर, "ऊन चढूस्तवर कुनी वर जाऊ नका, बरफ वला हाय." वर जाणारं त्यांच्याशिवाय दुसरं कोणी नसायचं, पण सांगणं चुकायचं नाही. विहिरीकडे निघालेल्या बायका हसत हसत विचारायच्या, "मेजर, आज बरफ कसा?" आणि हे गंभीरपणे उत्तर द्यायचे. असं इतकी वर्षं चाललं की विचारणाऱ्यांचं हसू हळूहळू विरून गेलं. एस.टी. कधी येणार असं विचारावं, तसं लोक बर्फाचं विचारू लागले.

आमच्या भागात फौजेतून पेन्शन घेऊन आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. हे हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्याही पलीकडे, जिथं डांबर संपतं आणि थोडं चाललं की कोकणात कोसळणारा कडा लागतो, तिथलं त्यांचं गाव. भात, नाचणी, वरई, आणि भात निघालं की पोटासाठी खाली उतरायचं. मी निरगुडसरचा. तालुका तोच, पण पूर्वेचा. कालव्याचं पाणी, ऊस, बटाटा. पस्तिशी उलटेपर्यंत मी कधी त्यांच्या गावाला गेलो नव्हतो. त्यांच्याकडची माणसं मात्र दर हिवाळ्यात आमच्याकडे यायची, कामाला. माझ्या वडिलांच्या शेतावरही यायची. ती बांधावर बसून कोरडी भाकरी खायची तेव्हा मला घरात पानावर बसताना अवघडायचं. अवघडून मी काय करायचो, तर जेवायचो. हे एकदा मी मेजरना सांगितलं. मला वाटलं, ते काहीतरी समजुतीचं बोलतील. ते म्हणाले, "मंग काय उपाशी ऱ्हायाचं व्हतं का?" आणि विषय संपवला.

माझा स्वभावच तसा आहे. कुणाला धक्का लागला तर मी माफी मागतो, कुणी मला धक्का दिला तरी मीच मागतो. बायको म्हणते, तुम्ही जन्मताना सुइणीची माफी मागितली असेल. मेजर याच्या अगदी उलट होते. त्यांना स्वतःच्या कुठल्याच गोष्टीची लाज वाटायची नाही, म्हणूनच मला ते इतकी वर्षं पुरले.

ते उंच नव्हते. रंग उन्हानं रापलेला, मिशी लष्करी कातरलेली, आणि गुडघे नेहमी थोडे वाकलेले, जणू सपाट जमिनीवरही त्यांच्या पायाखाली उतार होता. लग्नात अक्षता टाकायला उभे राहिले तरी गुडघे तसेच. एस.टी.त जागा रिकामी असली तरी बसायचे नाहीत. गाडीच्या मधोमध कशालाही न धरता उभे राहायचे आणि वळणावळणाला अंग झुकवायचे. कंडक्टर ओरडायचा, "मेजर, पडाल." हे म्हणायचे, "त्याच्यासाठीच हुबा हाय." मोटरसायकलवर निघाले की डोळ्यांवर फौजेतला काळा गॉगल, त्याचा रबरी पट्टा डोक्याला करकचून बांधलेला. तो गॉगल पाहून कुत्री भुंकायची आणि म्हातारी माणसं रामराम करायची.

फौजेत असताना त्यांना काश्मीरच्या बर्फात स्कीवर चालायला शिकवलं होतं. पायाला दोन लांब फळ्या बांधायच्या आणि उतारावरून घसरत जायचं. ते त्यांना इतकं आवडलं की निवृत्त होताना निकालात निघालेली एक जोडी मागून घेऊन ते गावी आले. त्यातली एक फळी लवकरच मोडली. तिच्या जागी त्यांनी सुताराकडून सागाची करून घेतली, त्यामुळे त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा जड झाला आणि ते नेहमी डावीकडे वळत जायचे. दोन्ही फळ्या देव्हाऱ्याशेजारी खुंटीला टांगलेल्या असायच्या. खंडेनवमीला विळे, कोयते, नांगराचा फाळ यांच्या रांगेत त्याही पाटावर मांडल्या जायच्या. त्यांची बायको, जिला मी मावशी म्हणतो, ती तेव्हा ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटायची, "देवाला येक फूल आन् फळ्यांना दोन."

पण त्यांचं वेड फळ्यांचं नव्हतं. ते ज्या भागात नेमणुकीला होते तिथं डोंगरात एक लहानसं गाव होतं. तिथं बर्फ पडला की देशोदेशींचे लोक घसरायला यायचे. गावातला कोणी त्यांना बूट भाड्यानं द्यायचा, कोणी घरात झोपायला जागा, कोणी चहा, कोणी लाकडी गाडीवर बसवून ओढायचा. हिवाळ्यात त्या गावातून कोणी कुठं जात नव्हतं. मेजरनी हे पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात ते कायमचं रुतलं. मला ते म्हणाले होते, "तितं बरफ पडला की मान्सं यायची. आमच्यात गवत वाळलं की मान्सं जात्यात. उतार दोन्हीकडं सारकाच हाय की."

आमची भेट नारायणगावच्या स्टँडवर झाली. नारायणगावजवळ मोठ्या रेडिओ दुर्बिणी आहेत. तिथं परदेशातून शास्त्रज्ञ येतात. माझी तेव्हा एक गाडी होती. त्या पाहुण्यांना पुण्याच्या विमानतळावरून आणायचं, सुट्टीच्या दिवशी शिवनेरी, लेण्याद्री दाखवायचं, असा माझा धंदा. एका सकाळी टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या टेंपोंच्या मधून वाट काढत गॉगल लावलेला एक माणूस माझ्या चहाच्या ग्लासासमोर येऊन उभा राहिला.

"गोरी मान्सं तुमच्याच गाडीत असत्यात ना, पावणं?"

मी हो म्हणालो.

"त्यांना डोंगर आवडतोय का?"

"आवडतो. मी त्यांना शिवनेरीला नेतो."

"चढायला न्हेता. घसरायला कुटं न्हेता?"

खरं सांगायचं तर मला त्यांच्या डोंगराशी काही देणंघेणं नव्हतं. एखादं लांबचं भाडं वाढेल, एवढाच माझा हिशोब होता. मी बघायला येतो म्हणालो, आणि पुढच्याच रविवारी गेलो.

त्या दिवशी त्यांनी मला जे शिकवलं, त्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. त्यांनी मला पडायला शिकवलं. फळ्या पायाला बांधू दिल्याच नाहीत. म्हणाले, पहिला धडा पडायचा. उतारावर उभं राहायचं, अंग सैल सोडायचं आणि कुशीवर जायचं. हात टेकायचा नाही. मी ताठ उभा राहायचो, ताठच कोसळायचो, आणि प्रत्येक वेळी माझ्या तोंडून सॉरी निघायचं. मला ते कळतही नव्हतं. चार-पाच वेळा झाल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले.

"कुनाची माफी मागताय, भाऊ? डोंगराची?"

"सवय आहे."

"डोंगराला काय बी लागलेलं न्हाई. पडताना त्वांड बंद ठिवा. कुसळं जात्यात."

ती कुसळं संध्याकाळपर्यंत माझ्या मोज्यांतून, पँटच्या शिवणीतून, बनियनमधून निघत राहिली. आमच्याकडच्या त्या गवताची टोकं सुईसारखी असतात, कापडात शिरतात आणि आत आत चालत राहतात. परत निघेपर्यंत मला न बोलता पडता येऊ लागलं होतं. हे ऐकायला फार किरकोळ वाटेल. माझ्या आयुष्यात ते किरकोळ नव्हतं.

पुढे दोन-तीन हिवाळे मी त्यांच्या नादी लागलो. आमचा एकदाच मोठा खटका उडाला. मी मंचरहून पत्रकं छापून आणली होती. वर निळा आभाळाचा रंग, खाली मोठ्या अक्षरात 'महाराष्ट्राचं काश्मीर'. मेजरनी एक पत्रक हातात धरलं, लांब धरलं, जवळ धरलं, आणि सगळा गठ्ठा चुलीशेजारी नेऊन ठेवला. मावशींना म्हणाले, जाळाला घे.

मी म्हणालो, सगळेच असं लिहितात. महाबळेश्वरपासून माथेरानपर्यंत सगळे.

"लिव्हू द्यात. काश्मीर काश्मीरला हाय. आपल्याकडं कुसळं हायत. पावन्याला खोटं सांगून आनला तर त्यो येकदाच येतोय."

मग त्यांनी स्वतः एक पाटी रंगवली आणि रस्ता फुटतो तिथं आंब्याला ठोकली. इंग्रजी त्यांचंच: नो स्नो, ओन्ली ग्रास, गुड स्लोप, वेलकम. ती पाटी वाचून थांबलेला एकही माणूस मला माहीत नाही. तरी दर पावसाळ्यानंतर ते तिला नवा रंग द्यायचे.

बाकी जाहिरात ते तोंडी करायचे. जुन्नरला कामाला गेले की लेण्याद्रीच्या पायथ्याला थांबायचे आणि पायऱ्या उतरून दमलेल्या परदेशी माणसाला सॅल्यूट ठोकून म्हणायचे, "सर, माय माउंटन. नो तिकीट. व्हेरी गुड फॉलिंग." फॉलिंग म्हटल्यावर माणसं दोन पावलं मागं सरकायची. एक जर्मन पोरगा मात्र आला होता. दोन दिवस राहिला, नाचणीची भाकरी आवडीनं खाल्ली, तिसऱ्या खेपेला पाय मुरगळून गेला. जाताना मेजरना मिठी मारून गेला. मेजर ते वर्षभर सांगत होते, आणि मावशी दर वेळी शेवट जोडायच्या, "लंगडत गेला म्हनून सांगा."

मावशींना हे सगळं मान्य नव्हतं. त्या उघड भांडायच्या नाहीत. भाकऱ्या थापता थापता एखादं वाक्य टाकायच्या आणि ते बरोबर लागायचं. जगातल्या बायका नवऱ्याच्या दारूला रडत्यात, माझ्या नशिबी फळ्या आल्या, हे त्यांचं ठरलेलं. मेजर उतारावरून घसरायला निघाले की त्या घराचं मागचं दार लावून घ्यायच्या. वीस पावलांवर नवरा वाऱ्यासारखा खाली यायचा, आणि त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं.

मग तो हिवाळा आला, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो.

दुर्बिणीवर नॉर्वेच्या एक बाई आल्या होत्या, साठीच्या आसपासच्या. त्या लहानपणापासून स्कीवर वाढलेल्या. गाडीत सहज विषय निघाला आणि मी मेजरबद्दल सांगितलं. त्या इतक्या हसल्या की मला वाटलं, झालं. पण त्या म्हणाल्या, मला हा माणूस बघायचा आहे. आणखी तिघांना घेऊन येते. आणि आवडलं तर पुढच्या महिन्यात इथं बऱ्याच देशांचे लोक जमणार आहेत, त्यांना रविवारी कुठं न्यावं हा आम्हाला प्रश्नच असतो.

मी हे मेजरना सांगितलं, तेव्हा भाताची झोडणी संपत आली होती. नारायणगावच्या द्राक्षबागांतून निरोप येऊ लागले होते. मेजर त्या दिवशी घरोघर गेले. फौजेतला कोट घालून गेले. प्रत्येकाला एकच सांगितलं, की या साली खाली जाऊ नका, थोडं थांबा. पावणे येतील, त्यांना राहायला घरं लागतील, रांधायला बाया लागतील, सामान वर न्यायला माणसं लागतील. काही घरांनी ऐकलं नाही. बऱ्याच घरांनी ऐकलं. त्यांच्या शेजारचा बाळू, ज्याच्या घरची सहा माणसं त्याच्या मजुरीवर जगत होती, तो थांबला. बागाईतदाराची जीप दोनदा वर आली आणि दोन्ही वेळा त्यानं ती परत पाठवली. द्राक्षांच्या घडांच्या विरळणीचं काम गेलं. आता तोडणी तोंडावर आली होती. जीपवाला सांगून गेला की तिसऱ्यांदा येईन, तेव्हा आला नाहीत तर दुसरी टोळी बघतो.

बाळूनं मेजरना एवढंच म्हटलं, "तुमच्या शब्दावं ऱ्हायलोय. पोरांना गवत खाता येत न्हाई."

मेजरनी त्या वर्षी उतार राखला होता. गुरं सोडू दिली नाहीत, विळा लागू दिला नाही. पाहुणे येण्याच्या दिवशी पहाटेच ते माझ्यासोबत नारायणगावला आले. येताना पुढच्या सीटवर गॉगल गळ्यात अडकवून बसले होते. घोडेगाव गेल्यावर मला हळूच म्हणाले, "बाईंना इचारा, त्यांच्यात बरफ कसला असतोय." मी विचारलं. बाई म्हणाल्या, बर्फाला आमच्याकडे खूप नावं आहेत. मेजरनी मान डोलावली.

गावात शिरलो, आणि मी गाडी थांबवली.

उतार कापलेला होता. सगळा. पायथ्यापासून माथ्यापर्यंत, न्हाव्याकडून उठलेल्या डोक्यासारखा तुळतुळीत. गवताचे भारे बांधून पार वर, माथ्याच्या कडेला नीट रचून ठेवले होते, नजरेआड. पायथ्याला शेणसडा घातला होता आणि त्यावर केवढी तरी मोठी रांगोळी. गाव दोन्ही बाजूंना उभं होतं, नव्या कपड्यांत, विळे अजून हातात. आम्ही गेल्यावर अख्ख्या गावानं मिळून इर्जिक केली होती. म्हणजे सगळ्यांनी एकाचं काम एका दमात उरकायचं आणि मोबदला मागायचा नाही. काल मूठभर गवत कानाशी धरून मेजर म्हणाले होते, असा बर्फ दहा वर्षांत नाही.

मावशी पुढे आल्या. त्यांच्या हाताला गवताची पाती कापल्याच्या रेघा होत्या. "बगा," त्या म्हणाल्या. "तुमी एवढ्या गवतातनं पळताय, म्हटलं साफ केल्यावं किती पळाल. आन् पावनं दारात यायचं, त्यांच्या पायात कुसळं घालायची का? मीच समद्यांना घिऊन गेले."

मेजरचे गुडघे त्या वेळी मी पहिल्यांदा सरळ झालेले पाहिले. ते उंच दिसले आणि म्हातारे दिसले. मागे गाडीची दारं उघडून पाहुणे उतरत होते. मी सवयीनं त्यांच्याकडे वळून म्हणू लागलो, आय ॲम सो सॉरी, एक चूक…

मेजरनी माझं मनगट धरलं. आवाज अगदी खाली होता.

"माफी मागू नका, भाऊ. तुमी माफी मागितली तर हिला कळंल, काय तरी चुकलंय."

मग ते गावाकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "लई बेस केलंत. डोंगराचं लगीनघर केलंत." मावशींनी पदर तोंडाला लावला. त्यांच्या संसारात बायकोनं त्यांच्या वेडासाठी केलेलं ते पहिलं काम होतं. मला वाटतं, तेवढ्यासाठी त्यांनी तो डोंगर मनातल्या मनात सोडून दिला.

पण पाहुणे बघायला आले होते, आणि गाव बघायला उभं होतं. मेजरनी फळ्या आणि टेकायच्या दोन काठ्या खांद्यावर घेतल्या आणि ते चढू लागले. निम्म्यावर जाऊन पायाला बांधल्या. वाकले, काठ्या मारल्या, आणि हातभर जाऊन थांबले. कापलेल्या गवताचे खुंट फळ्यांना धरत होते. पुन्हा काठ्या मारल्या. या वेळी तोंडावर आले. उठले. पुन्हा पडले. कोणी हसलं नाही. नॉर्वेच्या बाई हाताची घडी घालून बघत होत्या आणि त्यांच्या लक्षात आलेलं मला दिसलं. मग ते बाळूच्या लक्षात आलं. त्यानं आपल्या हातातल्या विळ्याकडे पाहिलं आणि तो पाठीमागं धरला. आणि मग मावशींच्या. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. कासोटा खोवला आणि तरातरा चढू लागल्या.

मेजर चौथ्यांदा पडले ते उठलेच नाहीत. गुडघा दुखावला होता. मावशी त्यांच्यापाशी पोहोचल्या, त्यांच्या पायाच्या फळ्या सोडल्या, त्यांना हाताला धरून माथ्यापर्यंत नेलं. काय बोलल्या ते खाली ऐकू आलं नाही. आम्हाला एवढंच दिसलं की त्यांनी रचलेल्या गवतातून एक भारा ओढला, उताराच्या तोंडाशी आणला, नवऱ्याला त्याच्यावर बसवलं, स्वतः पुढे बसल्या, भाऱ्याचा दोर दोन्ही हातांत धरला आणि टाचेनं जमीन मागं लोटली.

त्या डोंगरातल्या बाया पलीकडच्या उतारांवरचं गवत असंच खाली आणतात. दिवसभर कापायचं, आणि संध्याकाळी शेवटच्या भाऱ्यावर बसून यायचं. ते मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त दिसलं की भारा सुटला. कापलेल्या खुंटांवर गवताचा भारा असा निघाला की डोळा पोचेना. मावशी टाच मारून डावीकडे घेत होत्या, टाच मारून उजवीकडे. मेजरनी त्यांना मागून कंबरेला घट्ट धरलं होतं आणि त्यांचा गॉगल एका कानावर लोंबत होता. दोघं पूर्ण उतार उतरले, पायथ्याच्या रांगोळीतून आरपार गेले आणि चहाच्या पातेल्यापाशी थांबले.

मेजर रंगात माखून बसले होते.

"ह्ये तू कदी दावलं न्हाई ते?"

"तुमी कदी इचारलं? भारा आनायचा असतोय. त्यात काय दावायचं?"

नॉर्वेच्या बाईंनी तोवर अंगातला कोट काढून माझ्या हातात दिला होता आणि त्या चढायला लागल्या होत्या.

त्या दिवशी ऊन कलेपर्यंत भारे खाली येत होते आणि माणसं वर जात होती. बाळू एकेका पाहुण्याला पुढे बसवून टाच कशी मारायची ते शिकवत होता. भाषा नव्हती, पण "टाच, टाच" एवढं सगळ्यांना कळत होतं. फुटलेले भारे बाया पुन्हा बांधत होत्या. कुसळांचं काय व्हायचं ते झालंच. संध्याकाळी अंगणात पाहुणे आणि गावातल्या बाया एकमेकांशेजारी बसून मोज्यांतली कुसळं वेचत होते, आणि मेजर गुडघ्याला हळद लावून बाजेवर पडून सगळ्यांना मोजे कसे उलटे करायचे ते सांगत होते.

आता मागं वळून पाहतो तेव्हा मला वाटतं, मेजरना हवं होतं ते तसं कधीच झालं नाही. स्कीवर घसरायला त्यांच्या डोंगरावर त्या जर्मन पोराशिवाय एकही परदेशी माणूस आला नाही. आले ते मावशींच्या भाऱ्यासाठी. दर हिवाळ्यात येतात. मेजरनी याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. पाहुण्यांना उतरवून घ्यायला गॉगल लावून ते पाटीपाशी उभे असायचे आणि म्हणायचे, इन्स्ट्रक्टर माय वाइफ. गाव त्यांच्यासाठी उताराची एक कड न कापता ठेवायचं. तिथं ते एकटेच घसरायचे, डावीकडे वळत. माझा संसार, मुलांची शिक्षणं, दुसरी गाडी, सगळं त्या रस्त्यावर उभं राहिलं. मी त्यांचे आभार मानायला गेलो की ते म्हणायचे, भाऊ, आधी माफी मागायचा, आता ह्ये काडलं. मागच्या पावसाळ्यात ते गेले. त्यांना खांदा देऊन त्याच उताराखालून नेलं तेव्हा गवत हिरवं आणि गुडघाभर होतं. आता मी एवढंच करू शकतो, की त्यांना थांबवता येणार नाही अशा ठिकाणी आभार मानतो. मेजर, तुमचे उपकार आहेत.

पण माझ्या डोळ्यांसमोर ते येतात ते त्या भाऱ्यांच्या दिवसानंतरच्या सकाळचे. पाहुणे शाळेत झोपले होते. रात्री जेवताना बाईंनी सांगून टाकलं होतं, पुढच्या महिन्यातले सगळे रविवार धरून ठेवा. हे मी गावाला समजावून सांगितलं होतं, तरी परक्या बाईच्या शब्दावर कोणाचा किती विश्वास बसला, मला माहीत नव्हतं. उजाडलं तसा घाटात इंजिनाचा आवाज आला. बागाईतदाराची जीप. ती मारुतीच्या देवळापाशी येऊन थांबली आणि ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला.

मेजर लंगडत बाहेर आले. काठीवर भार देऊन दारात उभे राहिले. त्यांनी कोणाला थांबा म्हटलं नाही. कोणाच्या घराकडे पाहिलंही नाही. दोन भाऊ अंथरुणाची वळकटी घेऊन आले आणि मागे चढून बसले. त्यांनी बागाईतदाराला आधीच शब्द दिला होता. मेजरनी त्यांना हात केला. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न मारला.

बाळूचं दार उघडलं. तो हातात दोर घेऊन बाहेर आला. जीपजवळ गेला, ड्रायव्हरला तंबाखू दिली, स्वतः मळली.

"मालकाला सांग, मी येत न्हाई," तो म्हणाला. "भारं ढिलं झाल्यात. बांधायचं हायत."

"लेका, परत गाडी येनार न्हाई हां. बग."

"बगितलं."

जीप वळली. दोनच माणसं घेऊन, जवळजवळ रिकामी, धूळ उडवत खाली गेली. बाळू दोर खांद्यावर टाकून उताराकडे चालू लागला. मेजरनी गॉगल डोळ्यांवर ओढला, रबरी पट्टा दोनदा नीट केला आणि बराच वेळ तोंड रस्त्याकडे करून उभे राहिले. मागून मावशींनी आवाज दिला, नुसतं उभं राहू नका, सुतळी तरी आणून द्या. ते आत गेले आणि सुतळी घेऊन आले.